मी बेबदो नाही : एक कार्ड, चार पत्रं आणि मंगळवार-शुक्रवार

गेल्या महिन्यात ओळखीच्या एका बाईंचा निरोप आला. भावाला अर्धांग झालंय, बांबोळीच्या सरकारी इस्पितळातून घरी आणलाय, आणि आता पुढं काय ते कुणी सांगत नाही. "तुम्ही आरोग्य केंद्रात फिजिओथेरपी सुरू करायला लावली म्हणे, ती कशी?" हे फोनवर सांगणं मला जमणारं नाही. माझं बोलणं अजून जड आहे, फोनवर तर त्याचा पार चिखल होतो. म्हणून लिहून काढतोय. "सुरू करायला लावली" हे तितकंसं खरं नाही, ते पुढं येईलच.

आमचं गाव उत्तर गोव्यात, आतल्या बाजूला. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याशी वर्षभर पत्रांतून भांडलो ती माणसं अजून तिथंच आहेत आणि आता मला बघून मान हलवतात. मी बावीस वर्षं एका पतसंस्थेत हिशेबनीस. अक्षर बरं म्हणून संस्थेची इतिवृत्तंही माझ्याकडेच असायची.

११ जून २०२३, रविवार. पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, शेवटची आवराआवर चालली होती. सोलं, सुकी मासळी, आंब्याची साठं माळ्यावर चढवायची होती. सकाळी पावणेसातला दात घासताना चूळ उजव्या कोपऱ्यातून गळून बनियनवर आली. ब्रश दोनदा हातातून पडला. बायको म्हणाली, "तोंडात काय आहे तुमच्या?" मी हातानंच काही नाही असं केलं आणि पित्त झालं म्हणून आडवा झालो. ब्लडप्रेशरची गोळी तीन महिने बंद होती. बरं वाटत होतं म्हणून मीच बंद केलेली. साडेदहाला उठायला गेलो तर उजवा पाय जमिनीला टेकलाय की नाही तेच कळेना, तसाच कपाटावर कोसळलो. शेजाऱ्यानं १०८ ला फोन केला. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "शेवटचे नीट कधी होते?" रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसत नाही याची खात्री करून. पावणेसात अधिक साडेचार म्हणजे सव्वाअकरा. मी पंचावन्न मिनिटं उशिरा. मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी असेल तर ती आत नळी घालून ओढून काढतात, काही रुग्णांत अगदी चोवीस तासांपर्यंत. पण माझी होती खोलवरच्या बारीक वाहिनीत, तिथं तो उपाय चालत नाही. ही पंचावन्न मिनिटं माझ्याच नावे खर्ची पडली आहेत, दुसऱ्या कुणाच्या नाही.

मेंदूच्या डाव्या भागात खोल एक ठिपका, एवढंच स्कॅनमध्ये दिसलं. भाषा शाबूत होती. सगळं कळायचं, शब्द आठवायचे, वाचता यायचं. जीभ, ओठ आणि उजवा हात तेवढे ऐकत नव्हते. याला डिसआर्थ्रिया म्हणतात. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना अफेझिया होता. त्यांना शब्दच सापडायचे नाहीत, आणि बोलता येत नाही ते लिहूनही येत नव्हतं. ज्याची भाषा शाबूत आहे त्यानं इतरांसाठीही लिहावं, हे मला तिथंच सुचलं असं सांगायला छान वाटलं असतं. खरं म्हणजे तेव्हा मी पंख्याची पाती मोजत होतो.

१९ जूनला घरी आलो. हॉस्पिटलात फारसा खर्च आला नाही, खरा खर्च घरी सुरू झाला. घरी येणारा खासगी फिजिओथेरपिस्ट एका वेळेचे ५०० रुपये घ्यायचा; आठवड्यातून तीनदा म्हणजे महिन्याला सहा हजार. बांबोळीला जायचं तर टॅक्सीचे जाऊन-येऊन दोन हजार. बसनं जाऊन बघितलं एकदा, पण दोन बस बदलून जिना चढेपर्यंत व्यायामाची ताकदच उरली नाही. डॉक्टर म्हणाले होते, पहिले तीन-सहा महिने सुधारणा सगळ्यात भराभर होते, तेवढ्यात जमेल तेवढं करून घ्या. आणि घरापासून सहा किलोमीटरवर तालुक्याचं आरोग्य केंद्र, त्यात 'फिजिओथेरपी विभाग' अशी निळी पाटी, आणि पाटीखाली कुलूप.

(जाता जाता: माणसाला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. बायको मला काखेत हात घालून उचलायची, वॉर्डातल्या फिजिओथेरपिस्टनं तिला पहिल्याच दिवशी थांबवलं. खांदा निखळतो आणि ते दुखणं महिनोन्‌महिने जात नाही.)

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बँकेत गेलो. डाव्या हातानं केलेली सही जुन्या नमुन्याशी जुळेना, पगाराचे पैसे अडकलेले. बावीस वर्षं मी लोकांच्या स्लिपा याच कारणानं परत केल्या होत्या, त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं. पुतण्या गाडी लावायला जागा शोधत होता, मी एकटाच काउंटरवर. सांगू लागलो तर जीभ लोळली. पलीकडचा माणूस शिपायाकडे बघून म्हणाला, "सकाळींच घेवन आयला." मागं रांगेत कुणीतरी हसलं. एक बाई पुटपुटली, "बेबदो." म्हणजे दारुडा. राग आला की माझं बोलणं आणखी बिघडतं, आणि मला राग आला होता. शिपायानं मला दंडाला धरून बाजूला केलं, उजव्याच दंडाला.

गोव्यात रस्त्यारस्त्याला बार. अडखळत चालणाऱ्या, लोळत बोलणाऱ्या माणसाबद्दल पहिला तर्क तोच होणार, हे मी नंतर स्वतःला समजावलं. त्या दिवशी समजावता आलं नाही.

त्या रात्री पुतण्याला मोबाइलवर टाइप करून दिलं आणि त्यानं दुसऱ्या दिवशी छापून, प्लास्टिकमध्ये घालून आणलं. वीस रुपये लागले. मजकूर असा: "मला पक्षाघात झाला आहे. मला सगळं समजतं, पण बोलणं जड आहे. मी दारू प्यायलेलो नाही. कृपया दोन मिनिटं द्या." मागच्या बाजूला हेच इंग्रजीत. तेच कार्ड घेऊन त्याच काउंटरवर गेलो. त्या माणसानं वाचलं, उठून खुर्ची दिली, आणि स्वतःच सांगितलं की सही न जमणाऱ्या आजारी खातेदाराला अंगठा लावून, दोन साक्षीदारांच्या समोर पैसे काढता येतात, त्यातला एक साक्षीदार बँकेचाच जबाबदार अधिकारी असतो. रिझर्व्ह बँकेची तशी सूचनाच आहे. नवीन सहीचा नमुनाही त्याच दिवशी दिला. त्यानंतर मी बरीच पत्रं लिहिली, पण त्या चार वाक्यांइतकं गुणकारी माझ्या हातून काही लिहून झालेलं नाही.

मग लिहिण्याचा सराव सुरू केला. पुतण्याच्या मुलीची दुरेघी वही घेतली. डाव्या हातानं लिहिताना कागद धरायला दुसरा हात नसतो, तो सरकत राहतो. त्याखाली पायपुसण्याखाली घालतात ती रबराची जाळी घातली की हलत नाही. पेनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला. वीस मिनिटांनी डोकं जड व्हायचं, आळस नव्हे, मेंदूच थकतो, झोपावंच लागतं. मोबाइलवर बोलून टाइप करायचा प्रयत्न केला. "पक्षाघात" म्हटलं तर फोननं लिहिलं "पक्षात गात", आणि "माझा उजवा हात"चं झालं "माझा उद्या भात". बायको हसून हसून खाली बसली. जूनपासून आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो असू. शेवटी डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप करणं हेच खरं ठरलं.

पहिलं पत्र ९ ऑक्टोबर २०२३ चं. चार पानं. त्यात बँक होती, टॅक्सी होती, 'बधिर प्रशासन' होतं, खाणी बंद पडल्यानंतर तालुक्याची झालेली दैना होती, सरकारला विचारलेले अकरा प्रश्न होते. फिजिओथेरपिस्ट हवा ही मागणी तिसऱ्या पानाच्या मध्याला कुठंतरी. पुतण्या आरोग्य केंद्रात देऊन आला. नोव्हेंबरमध्ये चौकशी केली तर उत्तर मिळालं, असं पत्र आलंच नाही. आमच्याकडे प्रत होती, पण तिच्यावर शिक्का नव्हता. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही हे पतसंस्थेत मीच नव्या मुलांना शिकवायचो. स्वतःच्या कामाच्या वेळी विसरलो.

मधल्या काळात, २९ ऑक्टोबरच्या जागतिक पक्षाघात दिनासाठी एका दैनिकाला लेख पाठवला. सातशे शब्द. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो 'वाचकांचे पत्र' म्हणून दोनशे शब्दांत छापून आला, मथळा त्यांचा: 'अर्धांगवायूग्रस्तांची हेळसांड'. कापाकापीचं मला वाईट वाटलं नाही, ती त्यांची गरज. वाईट याचं वाटलं की तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं लोळलं तर घड्याळ बघा आणि लगेच १०८ ला फोन करा, ही ओळ गेली. ती मी शेवटी टाकली होती. संपादक शेवटाकडून कापतात, म्हणून जे छापून यायलाच हवं ते पहिल्या परिच्छेदात घाला.

पण त्या दोनशे शब्दांमुळे माणसं आली. पत्राखाली गावाचं नाव होतं. पंधरवड्यात तिघं घरी आले, पुढच्या दोन-तीन महिन्यांत आणखी तिघं. कुणाचा नवरा, कुणाचा बाप. सगळ्यांची गोष्ट तीच: पहिला महिना बांबोळीला जाणं, दुसऱ्या महिन्यात भाड्याचे पैसे संपणं, तिसऱ्या महिन्यात हाताची बोटं आवळून मुठीत जाणं.

त्यांतली एक मावशी मासे विकायची. तिला अफेझिया. एकच शब्द उरलेला: "आयतार", म्हणजे रविवार. तहान लागली तरी आयतार, सून चिडली तरी आयतार, मी घरात शिरलो की हसून आयतार. तिची हकिगत मला पत्रात घालायची होती, पण तिची परवानगी कशी घ्यायची? सून म्हणाली, "घाला हो, तिला काय कळतंय!" तिला कळत होतं. बांबोळीच्या वाचाउपचारतज्ज्ञांनी मला एक युक्ती सांगितली होती: हो-नाही उत्तराचा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायचा. "तुमचं घर देवळाजवळ आहे?" अंगठा वर. "तुमचं घर समुद्रावर आहे?" अंगठा खाली. असे पाच-सहा प्रश्न बरोबर आले की मग कामाचा प्रश्न. मी बायकोला ते पत्र तिला कोकणीत वाचून दाखवायला लावलं. "नाव घालू?" अंगठा खाली. "नाव न घालता?" वर. पुन्हा उलटं विचारलं, उत्तर तेच. पाऊण तास गेला. पुढं सगळ्यांच्या बाबतीत हाच शिरस्ता ठेवला, आणि नाव कुणाचंच घातलं नाही.

डिसेंबरमध्ये सहा महिने पूर्ण झाल्यावर दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज केला. त्याआधी तपासणी करत नाहीत असं मला सांगितलं होतं. इथं बरेच जण अडतात म्हणून थोडं सविस्तर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत पक्षाघात हे नाव शोधून सापडणार नाही. पक्षाघातानं मागं काय ठेवलं ते मोजतात: हातापायांचं असेल तर चलनवलनाचं दिव्यांगत्व, बोलण्याचं असेल तर वाचा आणि भाषेचं, अफेझियाचा तर कायद्यात नावानं उल्लेख आहे. मला दोन्ही लागू होती, पण अर्जात पहिलंच भरलं आणि बोर्डासमोर दुसऱ्यासाठी वेगळे कागद मागवावे लागले, त्यात तीन आठवडे गेले. दोन टक्केवाऱ्या साध्या मिळवत नाहीत, त्याला वेगळं सूत्र आहे; माझ्यातल्या हिशेबनिसाला ते आवडलं. एकूण ४८ टक्के, पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. चाळीसच्या वर आणि ऐंशीच्या आत म्हणून पिवळ्या पट्ट्याचं कार्ड. मार्चमध्ये हातात आलं. डिस्चार्जचा कागद, स्कॅनचा अहवाल आणि फोटो यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आधीच तयार ठेवा, फाइलचा आकार मोठा झाला तर संकेतस्थळ घेत नाही.

२८ जानेवारी २०२४ ला, रविवारी, ग्रामसभा. विषय आठ दिवस आधी लेखी दिला होता. पुतण्यानं ठराव वाचायचा आणि मी शेजारी उभं राहायचं असं ठरलं. त्यानं "अर्धांगवायूचे रुग्ण" असं म्हटलं आणि मला हसू फुटलं. थांबेना. पक्षाघातानंतर काहींना असं होतं, हसू किंवा रडू कारण नसताना येतं, आवरत नाही; डॉक्टरांनी सांगितलेलं, पण दोनशे माणसांपुढं ते होणं वेगळं. सरपंच माझ्याकडे बघत राहिले. मी खिशातून कार्ड काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसलो. आत ठराव संमत झाला. मला ते चहावाल्याकडून कळलं.

दुसरं पत्र १२ फेब्रुवारीला. एक पान. पहिल्या ओळीत मागणी: आठवड्यातून किमान दोन दिवस फिजिओथेरपिस्ट मिळावा. मग कारण, तीन वाक्यांत. मग सोबत काय जोडलं. विशेषणं बायकोनं खोडली, ती म्हणाली, "हे वाचणारा माणूस काही तुमचा शत्रू नाही, त्याला फक्त ढकलायचाय." दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. कारकुनानं "ठेवून जा, नंतर शिक्का मारतो" म्हणून बघितलं. मी बाकावर बसून राहिलो. मला घाईनं उठता येत नाही हे अशा वेळी उपयोगी पडतं. काही जण मराठीत पत्र देऊ की इंग्रजीत असं विचारतात. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं कोकणी राजभाषा झाली तरी सरकारी कामात मराठीलाही जागा आहे. मी सगळी पत्रं मराठीत दिली, भाषेवरून एकही परत आलं नाही.

१६ मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. आता जूनपर्यंत काही विचारू नका, असं साहेबांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं. गोव्यात मतदान ७ मेला. मला वाटलं, संपलं.

पतसंस्थेतल्या जुन्या सहकाऱ्यानं आठवण करून दिली की माहितीच्या अधिकाराला आचारसंहिता लागत नाही. १८ मार्चला अर्ज दिला, दहा रुपये शुल्क. ज्याला लिहिता येत नाही अशा माणसानं तोंडी सांगितलेला अर्ज माहिती अधिकाऱ्यानं स्वतः लिहून घ्यायला मदत करायची असते, असं त्या कायद्याच्या सहाव्या कलमात आहे. मला बोलता येत नाही आणि लिहिता येतं, तेव्हा माझं उलटं होतं, पण मावशीसारख्यांच्या घरच्यांना हे माहीत असावं. तीन प्रश्न विचारले: फिजिओथेरपिस्टची पदं किती मंजूर, किती भरलेली, वर्षभरात विभाग किती दिवस उघडला, पक्षाघाताचे किती रुग्ण आले.

एकोणतिसाव्या दिवशी, १६ एप्रिलला उत्तर. पद एक मंजूर, भरलेलं, पण कर्मचारी अन्यत्र कामगिरीवर. दुसऱ्याला, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. तिसऱ्याला, अशी वेगळी नोंद ठेवली जात नाही.

हे तिसरं उत्तर मी बराच वेळ हातात धरून बसलो. आम्ही कुठल्याच रकान्यात नव्हतो. ज्याची नोंद नाही त्याच्यासाठी माणूस कोण पाठवणार? बावीस वर्षं वह्या लिहिलेल्या माणसाला हे सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या प्रश्नात चूक माझी होती. "किती दिवस उघडला" असं विचारलं की मोजून सांगायला ते बांधील नसतात. "हजेरीपटाची प्रत द्या" असं मागायला हवं होतं. २९ एप्रिलला पहिलं अपील केलं, त्यात तसं स्पष्ट लिहिलं. सुनावणी ११ जून २०२४ ला, म्हणजे अर्धांग झाल्याला बरोबर एक वर्ष. मी एका पानावर म्हणणं लिहून नेलं आणि कार्डासकट पुढं ठेवलं. अपील अधिकारी बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि माहिती अधिकाऱ्याला म्हणाल्या, "यांना प्रती आजच द्या." बारा पानं, पानाला दोन रुपये, चोवीस रुपये. वर्षभराच्या हजेरीपटात त्या विभागासमोर जवळजवळ सगळीकडे आडवी रेघ होती.

१५ जुलैचं पत्र वरच्या कार्यालयाला, रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह, आणि प्रत राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांना. त्यात तीन गोष्टी जोडल्या: हजेरीपट, ग्रामसभेचा ठराव, आणि एक तक्ता. तक्ता मी स्वतः आखला, एकाच हातानं पट्टी धरून रेघ मारता येत नाही म्हणून संगणकावर. सात ओळी, मी धरून सात माणसं. वय, अर्धांग झाल्याची तारीख, बांबोळीचं अंतर, एका खेपेचं भाडं, किती खेपा झाल्या, कधी सोडलं. शेवटच्या रकान्यात सातपैकी पाच जणांपुढं 'दुसरा महिना'. खाली एकच वाक्य: दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २५ प्रमाणे दिव्यांगांना जवळपासच, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा द्यायची आहे. त्याला कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे, तीही लपवली नाही, कारण ती वाचणाऱ्याला माहीत असतेच.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, उरकली, आणि १९ सप्टेंबरला पोस्टमन आदेशाची प्रत घेऊन आला. १ ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि शुक्रवारी, फिजिओथेरपिस्ट केंद्रात येईल.

हे माझ्या पत्रानं झालं असं गावात म्हणतात. त्याच पावसाळ्यात पलीकडच्या गावातले लोक आमदारांना भेटून आले होते, आणि केंद्रात नवीन आलेल्या डॉक्टरांनीही वर लिहिलं होतं असं नंतर कळलं. कुणाच्या कागदानं दार उघडलं ते मला ठाऊक नाही. माझा कागद फाइलीत होता एवढं आवक क्रमांकावरून सांगता येतं.

१ ऑक्टोबरला, मंगळवारी, आम्ही पाच जण साडेआठपासून बाकावर. कुणी आलं नाही. बाराला उठलो. शुक्रवारी, चार तारखेला, पाठीवर सॅक अडकवलेली एक तरुण मुलगी आली आणि कुलूप उघडलं तर आत जुनी रजिस्टरं आणि डास मारायचं धुराचं यंत्र. पहिला दिवस ते बाहेर काढण्यात गेला. मग तिनं मावशीची मूठ स्वतःच्या दोन्ही हातांत घेऊन हळूहळू उघडली, एकेक बोट. आत तळहाताला नखांचे वळ होते.

वहीत खर्च मांडून ठेवलाय. कार्ड, झेरॉक्स, पोस्ट, माहितीचा अधिकार, पुतण्याचं पेट्रोल धरून ६४७ रुपये. फिजिओथेरपिस्टला घरी बोलावण्याचे सहा महिन्यांचे छत्तीस हजार वेगळे.

वाचाउपचाराचं मात्र अजून काहीच नाही, त्यासाठी बांबोळीच. ते मी पहिल्या मागणीत घातलं नव्हतं, एका पत्रात एकच मागणी म्हणून. नवं पत्र दिलंय, शिक्का घेतलाय. यावेळी सोबतच्या तक्त्यात नऊ ओळी आहेत. केंद्रातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं स्वतःहून एक वही घातलीय, तीत पक्षाघाताचा वेगळा रकाना आहे. रेघा तिनं आखल्या, मथळा माझ्याकडून लिहून घेतला. अक्षर वाकडंच आलंय.

परवा मावशीची सून विचारत होती, पुढच्या खेपेला कधी आणू. मी खिशातली छोटी पाटी काढून लिहिलं: मंगळवार, साडेनऊ, पण नवालाच या, नंबर लागतो. सुनेनं मान हलवली. मावशीनं पाटी माझ्या हातातून घेतली, नीट बघितली आणि ठासून म्हणाली, "आयतार."